प्रकाशाची जकात



ज्या शुगर लँडला साखरेने नाव दिले, आणि जेथील साखर शुद्ध करण्याचा जुना कारखाना २००३ साली बंद झाला, तेथे लेझरविषयी बोलताना मला बारामती आठवते. कारण उसाच्याच त्या मुलुखात १९३८ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेझर सिद्ध केला, आणि ती शलाका पुढे पोलादाचे पत्रे कापण्याच्या कामी कारखान्यांतून रुजू झाली.

आज सांगावयाचे आहे ते उलट टोकाचे, मायक्रॉनहूनही लहान लेझरचे. आणि रंगभूषा करून विंगेत ताटकळलेल्या बालनटांची मला जाणीव असल्याने थोडक्यात सांगतो. आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश तरंगलांबीच्या निम्म्याहून अरुंद जागेत मावत नाही, हा निसर्गाचा दंडक. त्यातून २००३ साली डेव्हिड बर्गमन आणि मार्क स्टॉकमन यांनी अशी वाट सुचविली, की प्रकाशाला धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक स्पंदनाशी जखडावे, म्हणजे तो त्या पृष्ठालगतच्या चिंचोळ्या जागेत राहील. राहतो खरा, परंतु धातू त्याची जकात घेतल्यावाचून सोडीत नाही. प्रकाशाचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने परस्पर वसूल होतो, आणि तेवढी तूट शेजारच्या अर्धवाहकाने भरून काढावी, एवढ्याचसाठी रचनाकाराची सारी यातायात असते.

माझ्या मते या प्रकरणात खरा मान चांदी सपाट करणाऱ्यांचा आहे. बाष्पाने चढविलेली चांदी डोळ्यांना कितीही लखलखीत दिसली, तरी ती कणाकणांची असते, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर प्रकाश विखुरतो. इथून मोटारीने दोन-तीन तासांवर असलेल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात चिह-कांग शिह यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या स्फटिकावर चांदीचे अणू अशा बेताने वाढविले, की सबंध थर अणूच्या मापाने सपाट व्हावा. आणि २०१२ साली तैवानच्या संशोधकांसमवेत, मध्ये अतिसूक्ष्म विद्युत्‌रोधक थर राखून, त्यावर गॅलियम नायट्राइडची इवलीशी दांडी आडवी ठेवली, तेव्हा तिच्यातून हिरवा लेझर अखंड चालला.

चिपेवरचे निरोप तारांऐवजी प्रकाशाने न्यावयाचे, तर असेच काही लागेल. परंतु ही दांडी अतिशीत ठेवावी लागली, आणि तिला चेतविण्यास दुसरा लेझर लागला. साध्या खोलीत, केवळ विजेवर, धातूची जकात चुकती करून वर्षानुवर्षे चालेल असा लेझर घडविण्याचे काम अजून शिल्लक आहे.