उतरता आलेख

मी जबलपूरहून बोलतेय. नेपियर टाउनमध्ये माझं आहारसल्ल्याचं छोटंसं क्लिनिक आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी. त्यामुळे मध्येच एखादं 'मतलब' आलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडचे बरेच पेशंट वजनाची शस्त्रक्रिया नागपूरला करून येतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. चार दिवसांत माणूस घरी, पण खरी परीक्षा पुढेच. आधी पातळ, मग मऊ जेवण. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं, पाणी घोटघोट, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. दर वेळी सिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटर कोण जाणार? म्हणून मोबाइल.

अ‍ॅप चांगलं होतं. रोज वजन, पाणी, प्रथिनं भरायची. भरलं की हिरवी खूण. आमच्या एका ताईंचा आलेख तर बघत राहावा असा उतरत होता. नाव सांगत नाही, पण ही गोष्ट सांगायला त्यांनीच परवानगी दिली आहे. मी रोज अंगठा दाखवायचे, 'शाब्बास ताई' लिहायचे.

पाचव्या आठवड्यात सहज फोन केला. शब्द जड येत होते. मुलीनं फोन घेतला. "मावशी, आई भिंतीला धरून चालतेय. टीव्हीवर एकाची दोन माणसं दिसतात म्हणते."

"उलट्या होतात का गं?"

"होतात ना, तीन आठवडे झाले. पण अ‍ॅपमध्ये ते कुठे विचारतात?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बी-१, म्हणजे थायामिनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होते. त्यात कुणी थायामिनआधीच ग्लुकोजची बाटली लावली तर आणखी बिघडतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्यांनी इथल्या डॉक्टरांशी बोलून आधी बी-१ची इंजेक्शनं सुरू करायला लावली. नजर काही दिवसांत सुधारली. चाल सावरायला मात्र महिने गेले.

आलेख खोटा नव्हता. वजन खरंच उतरत होतं, पण कशानं, हे मी विचारलंच नव्हतं. ताई म्हणाल्या, "तुम्ही रोज शाब्बास म्हणायचात, मग रडगाणं कसं गायचं?" हे मला अजून टोचतं.

आता मी अ‍ॅप ठेवलंय, पण दर रविवारी प्रत्येकाला आवाजी संदेश पाठवायला सांगते. काय खाल्लं, काय पडलं, चक्कर आली का, हे आपल्या भाषेत, हवं तेवढं रडून. सुरुवातीचे दोन महिने तर मी स्वतः फोन करते. पहिला प्रश्न उलटीचा, वजनाचा शेवटी.

ताईंचा संदेश परवाच आला. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी चालेल का, विचारत होत्या. मी म्हटलं, दोन चमचे, पण आधी दही खा. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला. मी लगेच फोन लावला.