मोबाइलमध्ये वही की कामांची यादी?

मोबाइलमध्ये वही ठेवावी की नुसती कामांची यादी? कपाशीचंच घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावलेत. गूगल टास्क्समध्ये ‘सापळे पाहणे’ लिहून रोजची वेळ लावली, की मोबाइल आठवण देतो. पाहून झालं, खूण केली. पण पतंग किती होते? तो आकडाच तर महत्त्वाचा! दर सापळ्यात ८ पतंग सलग ३ रात्री आले, की फवारणीची वेळ आली समजा. हा आकडा गूगल कीपसारख्या वहीत तारीखवार लिहा. सापळ्याचा फोटोही जोडता येतो. दोन्ही वापरलीत तर उत्तमच. एकच ठेवायची तर वही ठेवा. ल्यूर बदलायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली तरी भागतं. परवाचे पतंग मात्र तोंडी लक्षात राहत नाहीत, आणि अंदाजानं मारलेलं औषध पैसे खातं.