घरी नेलेला प्रश्न

(पालक, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागते. परीक्षा अजून दूर असते. ही गर्दी 'सबमिशन'ची असते. वर्षभर कोरी राहिलेली जर्नले दोन रात्रींत भरायची असतात. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात टेबलावर काच ठेवली जाते, काचेखाली दिवा लागतो, एका मेहनती मित्राची पूर्ण झालेली ड्रॉईंग शीट काचेवर अंथरली जाते आणि तिच्यावर कोरा कागद ठेवून खालून उजळलेली रेघन्‌रेघ गिरवली जाते. 'ग्लास ट्रेसिंग' हे या विद्येचे भारदस्त नाव आणि 'जीटी' हे तिचे लाडके नाव. हे ऐकताना सभागृहातील काही अभियंता पालकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल, तर ते स्वाभाविकच आहे. हा वारसा एका पिढीचा नाही.

विज्ञान शाखेत काच लागत नाही. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढावयाचा प्रयोग घ्या. विद्यार्थ्याने लंबक हलविण्यापूर्वीच उत्तर लिहिलेले असते : ९८०. मग त्या उत्तराला साजेशी वाचने मागाहून तयार होतात. याला मुले 'रीडिंग कुक करणे' म्हणतात. गंमत पाहा. गुरुत्वत्वरण पृथ्वीवर सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्ताकडे ते कमी होत जाते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर ते ९७८ ते ९७९ च्या दरम्यान भरते. म्हणजे एखाद्या मुलाने दोऱ्याची लांबी मिलिमीटरपर्यंत नीट मोजली, शंभर आंदोलनांचा काळ धीराने घेतला आणि त्याला ९७८ हे उत्तर मिळाले, तर तो स्वतःच्या जमिनीवरील सत्याच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. पण तोच मुलगा 'आपले चुकले' असे समजून रबर उचलतो आणि ९८० लिहितो. खरे उत्तर खोडून पुस्तकातील उत्तर लिहिण्याची ही सवय त्याला कोणी लावली?

कला शाखेत तर वाचने शिजविण्याचेही कष्ट नाहीत. '१८५७ च्या स्वातंत्र्यसमराची कारणे लिहा' हा प्रश्न आजोबांना होता, वडिलांना होता आणि नातवालाही आहे. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी व तात्कालिक अशी सहा कारणे मार्गदर्शकातून वहीत येतात आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जातात. मधल्या प्रवासात ती विद्यार्थ्याच्या मनात उतरली की नाही, याची विचारपूस कोणी करीत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हर्बेरियममधील पाने कधी कधी विकतही मिळतात, आणि वाणिज्य शाखेचा 'प्रकल्प' तर मुखपृष्ठावरील नाव बदलून अनेक वर्षे फिरत राहतो.

हे सारे पाहून 'मुले बिघडली' असे म्हणणे फार सोपे आहे. परंतु क्षणभर मुलांच्या जागी उभे राहा. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे, लिहिणाऱ्याला ठाऊक आहे आणि झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक आहे, तो प्रश्न घरी कशासाठी न्यायचा? आणि नेलाच, तर परत आणलेली वही वाचणार कोण? आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे अनेक तरुण प्राध्यापक आहेत. त्यांना मानधन मिळते ते तासाचे. शंभर वह्या घरी नेऊन वाचण्याची वेळ त्यात धरलेली नसते. मग वह्या वाचल्या जात नाहीत, तोलल्या जातात. जाड वहीला अधिक गुण आणि बारीक वहीला कमी, हे मुलांना पहिल्याच सत्रात समजते. विद्यार्थ्याच्या अप्रामाणिकपणाविषयी बोलताना या व्यवस्थेच्या अप्रामाणिकपणाकडे डोळेझाक करून चालणार नाही.

घरी नेलेल्या प्रश्नाचे सामर्थ्य किती असू शकते, याची एक खरी घडलेली हकिकत आहे. १९३९ साली अमेरिकेतील बर्कले येथे जॉर्ज डांट्झिग नावाचा तरुण पीएच.डी.साठी शिकत होता. प्रा. जर्झी नेमन यांच्या संख्याशास्त्राच्या तासाला एके दिवशी तो उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन प्रश्न लिहिलेले होते. तो गृहपाठ असावा असे समजून त्याने ते उतरवून घेतले. काही दिवसांनी वही देताना त्याने उशीर झाल्याबद्दल सरांची क्षमा मागितली. प्रश्न नेहमीपेक्षा थोडे कठीण वाटले, असे तो म्हणाला. सरांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता, त्यावर ती वही पडली. सुमारे सहा आठवड्यांनी एका रविवारी सकाळी आठ वाजता त्याच्या दारावर जोरजोराने थापा पडल्या. दारात प्रत्यक्ष नेमन उभे होते. फळ्यावरचे ते दोन प्रश्न गृहपाठाचे नव्हतेच. संख्याशास्त्रातील ते तोवर सिद्ध न झालेले सिद्धांत होते! पुढे प्रबंधाच्या विषयाची चिंता करू लागलेल्या या शिष्याला गुरूंनी सांगितले की, त्या दोन उत्तरांना एक वेष्टन घाल, तोच तुझा प्रबंध. याच डांट्झिगने १९४७ साली 'सिम्प्लेक्स' पद्धत शोधली, आणि आज आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांची मुले तिची उदाहरणे सोडवितात. अर्थात बहुधा मार्गदर्शकात पाहून.

ही कथा व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितली जाते आणि 'अशक्य आहे हे ठाऊक नव्हते म्हणून शक्य झाले' एवढ्यावर संपविली जाते. तेवढे खरे नव्हे. डांट्झिगचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. मुलगा शाळेत असताना त्यांनी त्याला भूमितीचे प्रश्न दिले. थोडेथोडके नव्हे, हजारोंच्या संख्येने, असे पुढे मुलानेच सांगितले आहे. फळ्यावरचे ते दोन प्रश्न उतरवून घेणाऱ्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती. आणि आणखी एक गोष्ट. नेमन यांनी ती वही अखेर वाचली. ढिगातून काढून वाचली. ती तोलली असती, तर?

पण उदाहरणासाठी परक्या माणसाकडेच जावे लागते असे नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक महाराष्ट्रीय तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. भीमराव रामजी आंबेडकर. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. परंतु समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा अनेक वर्गांत ते बसले. आजच्या 'बहुशाखीय' शिक्षणाच्या चर्चेत हे सहसा कोणी आठवत नाही. मानववंशशास्त्राच्या प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादवर्गात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने एक निबंध वाचला : भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. आजच्या भाषेत सांगायचे तर ते वर्गाचे 'असाइनमेंट' होते. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधन-नियतकालिकात छापला गेला, आणि शतक उलटून गेल्यावरही जगभरच्या विद्यापीठांत तो वाचला जातो.

त्या निबंधाची घडण विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी. आधी या तरुणाने सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले या मोठ्या पंडितांच्या व्याख्या समोर मांडल्या आणि प्रत्येकीत काय अपुरे आहे ते दाखविले. चौथे नाव आपल्याच माणसाचे होते, श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. मराठी ज्ञानकोशाचे हेच ते कर्ते. तेही त्यापूर्वी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, शिकले होते आणि १९०९ साली जातींच्या इतिहासावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. केतकरांनी जातीचा विचार एकेकटीने न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय आंबेडकरांनी त्यांना मोकळेपणाने दिले आणि लगेच त्यांच्याशी मतभेदही नोंदविला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे; सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ते बंधन टिकविण्यासाठी उभ्या राहिल्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. निबंधाच्या शेवटी आपला सिद्धांत टिकण्याजोगा नाही असे कोणी दाखवून दिल्यास तो सोडण्याची तयारीही त्यांनी प्रांजळपणे व्यक्त केली आहे. घरातून, गावातून आणि स्वतःच्या जीवनातून आलेला दाहक प्रश्न या मुलाने वर्गात नेला होता. त्याची नक्कल कोणत्या काचेखाली दिवा लावून करता आली असती?

प्रश्न रचणे हीसुद्धा एक विद्या आहे आणि ती या भूमीला नवी नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' रचला. त्याचा एक भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती त्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवू. ग्रंथातील प्रश्न पाहावेत. व्याज आहे, व्यापारातील भागीदारी आहे, तळ्यातील कमळ आहे, शंकराच्या हातांतील आयुधांची किती प्रकारे अदलाबदल होईल हेही आहे. एक उदाहरण तर आजही घरी मुलांना घालता येईल. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? उत्तर बारा हात. मोर पंधरा हात झेपावला, साप सत्तावीसमधून पंधरा हात सरपटला. काटकोन त्रिकोणाचे सूत्र तेच. परंतु मोराचे काय होणार आणि सापाचे काय होणार, ही उत्कंठा मुलाला आकडेमोडीपर्यंत ओढून नेते.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन चालावे म्हणून मठ स्थापन झाल्याची नोंद त्या लेखात आहे. एका कुटुंबाने आजोबांचे प्रश्न पुढच्या पिढ्यांनी सोडवावेत, यासाठी केलेली ती तजवीज होती. पाटणादेवीला सहलीला जाणाऱ्या किती महाविद्यालयीन मुलांना हे ठाऊक असते?

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी लगेच उत्तरे देत नाहीत. वर्षभर येथे राहा, मग विचारा, मला ठाऊक असेल तर सांगेन, असे ते म्हणतात. 'ठाऊक असेल तर' हे शब्द किती प्राध्यापकांच्या तोंडी वर्गात येतात? त्या सहांपैकी सुकेशाची गोष्ट अधिकच बोलकी आहे. कोसलचा राजपुत्र त्याला एक प्रश्न विचारून गेला होता आणि सुकेशाने 'मला ठाऊक नाही' असे सरळ सांगितले होते. असत्य बोलणारा मुळासकट सुकून जातो, अशी त्याची श्रद्धा होती. तो अनुत्तरित प्रश्न घेऊनच तो गुरूच्या दारी आला.

आज अडचण वेगळ्याच वळणावर येऊन ठेपली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि काचेखालचा दिवाही अनावश्यक झाला. १८५७ ची कारणे, मागणीचा नियम, एखाद्या कवितेचे रसग्रहण, सारे काही क्षणांत आणि शुद्धलेखनासह हजर! त्यावर बंदी घालण्याच्या सूचना होतात. हाताने लिहून आणण्याची सक्ती होते. मुले यंत्राचे उत्तर हाताने उतरवून आणतात, एवढाच फरक पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वर्षभराच्या सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर आहे. म्हणजे घरी नेलेल्या प्रश्नांचे वजन पुढील काळात वाढणारच. प्रश्न जुनेच राहिले, तर केवळ नकलांचे वजन वाढेल.

यावर प्राध्यापकांनी आणि पालकांनी एकत्र बसून काही करण्यासारखे आहे, आणि त्याला शासननिर्णयाची गरज नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने वर्गाला एवढेच सांगावे की ९८० लिहिणाऱ्याला गुण नाहीत; आपल्या महाविद्यालयाच्या इमारतीत काय येते ते आणा आणि किती चुकले असेल तेही लिहा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गल्लीतील पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मिळवावा आणि थकबाकीचा आकडा समजून घ्यावा. भूगोलाच्या मुलीने आपल्या गावच्या विहिरीची पातळी दिवाळीला आणि गुढीपाडव्याला मोजावी. मराठीच्या विद्यार्थ्याने आजीच्या तोंडच्या ज्या शब्दांचा अर्थ आईलाही सांगता येत नाही असे वीस शब्द गोळा करावेत.

आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने १९७२ चा दुष्काळ घरात विचारावा. खडी फोडायला कोण गेले होते, मजुरी किती मिळाली, सुकडी कशी लागत होती, लाल मिलोची भाकरी कोणी खाल्ली, गावातून कोण मुंबईला गेले ते परत आलेच नाही. ते दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. ती अजून घरात आहेत, दुपारी मोकळी असतात, आणि त्यांना कोणी काही विचारीत नाही. दिवाळीच्या सुट्टीला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात प्रश्नांची यादी करून ठेवता येईल.