प्रतिकृति आणि नांव

दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आरमारांतील, पाण्याखालीं लढणाऱ्या सैनिकांच्या मनगटावर पानेराई घड्याळें असत. त्यांची प्रतिकृति घरीं जुळविणें हा आज अनेकांचा छंद आहे. श्रोतेहो, आंत बहुधा युनिटास ६४९७ जातीचें, मूळ खिशांतल्या घड्याळासाठीं घडविलेलें, ३६·६ मिलिमीटर व्यासाचें यंत्र बसतें. तें किल्लीवर चालतें. खरी कसोटी तबकडीची. ती दुपदरी, वरच्या पत्र्यांत आंकडे आरपार कापलेले, त्यांतून खालचा चमकणारा लेप दिसतो. पूर्वीं त्यांत रेडियम असे. आतां निरुपद्रवी द्रव्य मुद्दाम पिवळट करून घालतात. पण जुना लेप एकसारखा पिवळा क्वचितच पडतो. कोठें काळवंडतो, कोठें फिका राहतो. पारखी प्रथम तेंच पाहतो.

जाणता हौशी तबकडीवर पेढीचें नांव घालीत नाहीं. उद्यां कोणी तें अस्सल म्हणून विकील ही त्याला धास्ती. झांकणाच्या आंतल्या अंगास मात्र तो जुळणीची तारीख कोरून ठेवतो.