पान किती रुंद असावे?

(निपाणी येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संकेतस्थळावरील पानाची रुंदी किती असावी हा संगणक तंत्रज्ञांचा प्रश्न. त्याच्याशी शेतकऱ्याचा, शिक्षकाचा किंवा ग्रामपंचायतीच्या लेखनिकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. हा हिशेब मला नोकरीत शिकावा लागला, आणि तो मी एका चुकीतून शिकलो. ती चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी अनुदानाच्या अर्जांसंबंधीची एक सूचना माझ्या टेबलावरून संकेतस्थळावर गेली. तीत सहा रकान्यांचा तक्ता होता : अनुक्रमांक, गाव, योजना, लागणारी कागदपत्रे, अर्ज देण्याचे ठिकाण आणि शेवटी अंतिम तारीख. कार्यालयातील संगणकावर तक्ता सुबक दिसत होता. मी त्यास मान्यता दिली. मुदत संपल्यावर दोन दिवसांनी एक वयस्क शेतकरी कागदपत्रांची पिशवी घेऊन आले. मी म्हणालो, "मामा, तारीख तर स्पष्ट दिली होती." त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. "सायेब, मी बघितलो की. ह्यात तारीख कुठं हाय, तुम्हीच दाखवा."

पडद्यावर पहिले तीनच रकाने होते. तारीख उजवीकडे पडद्याबाहेर राहिली होती. बोटाने पान सरकविल्याखेरीज ती दिसत नव्हती, आणि पान सरकवावे हे सुचविणारी कोणतीही खूण तेथे नव्हती. सूचना प्रसिद्ध झाली होती, पण पोहोचली नव्हती. त्या वर्षी त्यांचा अर्ज घेता आला नाही.

ही चूक का होते हे समजून घेण्यासाठी आधी कागदाकडे पाहू. आपल्या घरच्या पोथ्या आडव्या व रुंद असतात, कारण त्या चौरंगावर ठेवून वाचावयाच्या असतात. वृत्तपत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेले 'तरुण भारत' आपणांस परिचित आहेच. वृत्तपत्राचे पान मोठे असले तरी मजकूर अरुंद रकान्यांत बसविलेला असतो. त्यामुळे एस.टी.च्या गर्दीतही घडी घालून एक बातमी सलग वाचता येते. मात्र कागदाची रुंदी छापणारा ठरवितो, तर पडद्याची रुंदी वाचणाऱ्याच्या हातात असते. सारा प्रश्न या एका फरकातून निर्माण होतो.

पडद्याची रुंदी बिंदूंत मोजतात. त्यांस पिक्सेल म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात सामान्य संगणकाचा पडदा ६४० बिंदू रुंद असे. पुढे ८०० व त्यानंतर १०२४ बिंदूंचे पडदे आले. पाने तयार करणारे प्रचलित पडदा पाहून एकच रुंदी ठरवीत आणि 'हे पान ८०० बाय ६०० वर उत्तम दिसेल' अशी ओळ तळाशी घालीत. १०२४ च्या काळात ९६० ही रुंदी लोकप्रिय झाली. कडेच्या सरकपट्टीला जागा सोडून ती पडद्यावर मावे, शिवाय २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ यांनी तिला निःशेष भाग जात असल्याने रकाने पाडणे सोपे होई.

पुढे पडदा खिशात आला. २००७ साली आलेला आयफोन कोणतेही पान ९८० बिंदू रुंद आहे असे गृहीत धरून ते संपूर्ण आकसून दाखवी. पान दिसे, परंतु अक्षर वाचण्याजोगे राहत नसे. मे २०१० मध्ये एथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात वेगळा मार्ग मांडला : रकाने ठरावीक बिंदूंऐवजी प्रमाणात आखावेत, चित्रांना आकसू द्यावे आणि पडदा जसा असेल तशी मांडणी आपोआप बदलावी. सर्व पडद्यांसाठी पान एकच. केवळ त्याची बैठक बदलते. हीच पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

येथे एका गैरसमजाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. मोबाईलच्या जाहिरातीत १०८० बिंदूंची रुंदी सांगितलेली असते. मग संगणकावरचे पान त्यावर मावू नये का, असे वाटते. परंतु ते बिंदू अत्यंत सूक्ष्म असतात. अक्षर वाचनीय राहावे म्हणून असा फोन तीन-तीन बिंदूंचा एक धरतो आणि पानाला आपली रुंदी ३६० सांगतो. आजचे बहुतेक मोबाईल या हिशेबाने ३६० ते ४३० च्या दरम्यान येतात. २०१७ साली आलेल्या बटनांच्या जिओफोनची रुंदी तर अवघी २४० होती. कार्यालयातील मोठा पडदा मात्र १९२० चा असतो. एकच सूचना या सर्वांवर वाचली जावी, अशी आपली अपेक्षा असते.

आपल्याकडील आणखी एक प्रघात यात भर घालतो. सहीशिक्क्याचे पत्रक यंत्रावर ठेवून त्याचे चित्र घेतले जाते आणि तेच प्रसिद्ध होते. शासकीय कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. मोबाईलचा पडदा सुमारे ७० मिलिमीटर. म्हणजे कागदावरील १२ पॉइंटचे अक्षर पडद्यावर ४ पॉइंटचे होते. देवनागरीत रफार, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली असल्याने अक्षर लहान झाले की प्रथम तेच दिसेनासे होतात. चित्रातील ओळी पडद्यानुसार नव्याने मांडल्याही जात नाहीत. म्हणून सहीचे चित्र अवश्य ठेवावे, परंतु त्यासोबत तोच मजकूर टंकलिखित स्वरूपात द्यावा.

सीमाभागात दोन भाषांचा प्रश्न येतो. कन्नड व मराठी मजकूर शेजारी-शेजारी दोन रकान्यांत देण्याची पद्धत कागदावर सोयीची आहे. ३६० च्या पडद्यावर मात्र प्रत्येक भाषेच्या वाट्याला १८० बिंदूही येत नाहीत. ओळीत दोन-तीन शब्द मावतात आणि 'प्रमाणपत्रधारकांसाठी' यांसारखा शब्द आला की रकाना फुटतो. अशा वेळी एका भाषेखाली दुसरी भाषा यावी. मोठ्या पडद्यावर त्या पुन्हा शेजारी बसू शकतात.

तक्त्यांचे तसेच आहे. कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले. पलीकडे महाराष्ट्रात सात-बारा आला. उतारा हा मूळचा रुंद कागद. त्यातील खातेदाराचे नाव व बोजा यांचे रकाने एकमेकांपासून दूर असतात. बाजारभावाच्या तक्त्यातही माल, प्रत, किमान व कमाल दर असे रकाने असतात. अरुंद पडद्यावर अशा तक्त्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र चौकटीत, रकान्याचे नाव आणि त्यासमोर नोंद अशी एकाखाली एक द्यावी. अंतिम तारीख सर्वांत वर असावी.

अरुंद पडद्याचा विचार करताना रुंद पडदाही विसरून चालणार नाही. १९२० च्या पडद्यावर मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला, तर ओळ संपल्यावर पुढच्या ओळीचा आरंभ डोळ्यांना सापडत नाही. ओळीत ८० हून अधिक अक्षरे नसावीत, असा आंतरराष्ट्रीय निकषांतील सल्ला आहे. तेव्हा कमाल मर्यादा घालावी व उरलेली जागा समासासाठी सोडावी.

भारत शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. ती ज्या आंतरराष्ट्रीय निकषांचा आधार घेते, त्यांत २०१८ पासून एक कसोटी आहे : पान ३२० बिंदूंच्या रुंदीत, आडवे सरकविण्याची गरज न पडता वाचता आले पाहिजे. गुंतागुंतीच्या तक्त्यांना तीत काही सूट आहे, परंतु सूट आहे म्हणून वाचकाची अडचण दूर होत नाही. ही ३२० संख्या आली कोठून? १२८० बिंदूंच्या पडद्यावर मंददृष्टी माणसाने अक्षर चौपट मोठे केले की त्याला ३२० चीच रुंदी उरते. म्हणजे मोबाईलधारकासाठी केलेली सोय वृद्ध वाचकाच्याही उपयोगी पडते.

ही परीक्षा घेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. कर्मचारी बंधूंनी सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी संगणकावरील खिडकीची कड माऊसने ओढून ती अरुंद करावी. तळाशी आडवी सरकपट्टी दिसू लागली, तर पान सदोष समजावे. मग आपल्या घरच्या साध्या मोबाईलवर ते उघडून पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या पानाची अशीच तपासणी करून घ्यावी. आणि ग्रामस्थहो, पान वाचता आले नाही तर आपल्यालाच ते जमत नाही असे मानून गप्प बसू नका. आम्हांला मोबाईल दाखवा.

त्या दिवशी मामांनी तो दाखविला नसता, तर माझा तक्ता निर्दोष होता अशीच माझी समजूत राहिली असती. त्यांचे अनुदान मी परत मिळवून देऊ शकलो नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावरून जाणारी प्रत्येक सूचना मी आधी मोबाईलवर वाचतो, आणि तारीख पहिल्या ओळीत दिसल्याखेरीज तिच्यावर सही करीत नाही. आपणही तसे करावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.