सर्व्हरला दोन घड्याळं असतात, आणि आपण एकाकडेच बघतो

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील: सर्व्हरचं घड्याळ. पण थांबा. या घड्याळापायी एका ठिकाणी दोन दिवसांचे बॅकअप गायब झालेत. तो किस्सा सांगतोच, आधी थोडी पार्श्वभूमी.

प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन घड्याळं असतात. पहिलं हार्डवेअर क्लॉक, म्हणजेच आरटीसी. मदरबोर्डवर एक छोटासा क्वार्ट्झ क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सोबतीला नाण्यासारखा गोल सेल, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२. प्लग काढून ठेवला तरी हे घड्याळ चालू राहतं.

दुसरं सिस्टिम क्लॉक. हे लिनक्सचा कर्नल सांभाळतो. लॉग, फाइलींच्या तारखा, क्रॉन जॉब, सगळे वेळ विचारतात ती यालाच. पण मशीन बंद झालं की हे घड्याळ संपलं.

मग मशीन पुन्हा सुरू होताना वेळ कुठून येते? कर्नल आरटीसीकडे बघतो, वेळ उचलतो, आणि तिथून पुढे स्वतः मोजायला लागतो. म्हणजे दोघांची गाठ पडते ती सुरुवातीला. नंतर दोघं आपापल्या वाटेने.

आणि क्रिस्टल काही अगदी बिनचूक नसतो. दहा लाखात २० भागांची चूक धरली, तर दिवसाला साधारण १.७ सेकंद आणि महिन्याला ५० सेकंदांच्या आसपास फरक पडतो. तापमान बदललं की यात आणखी भर.

आता तुम्ही म्हणाल, 'अरे, एनटीपी आहे ना!' आहे, आणि छान काम करतं. पण एनटीपी दुरुस्त करतं ते सिस्टिम क्लॉक. आणि त्यासाठी नेटवर्क लागतं. बूट होताना नेटवर्क अजून जागं झालेलं नसतं.

आता तो किस्सा. एक छोटा कारखाना, ऑफिसात एकच सर्व्हर. सुट्टीत बरेच दिवस मशीन पूर्ण बंद होतं आणि आतला सेल मेलेला. सुरू केलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. त्यात इंटरनेटची लाइनही दोन दिवस बंद, त्यामुळे एनटीपी गप्प. दोन्ही रात्री बॅकअप झाले, पण फाइलींवर जुनी तारीख. तिसऱ्या दिवशी लाइन आली, एनटीपीने वेळ नीट केली. त्या रात्री सफाईची स्क्रिप्ट चालली: '३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली काढा.' तिने नेमक्या त्याच ताज्या फाइली काढल्या! स्क्रिप्ट बरोबर, एनटीपी बरोबर, बॅकअपही बरोबर. आम्हाला बोलावलं तोवर उशीर झाला होता. अकाउंट्सच्या ताईंनी चलनं समोर घेऊन दोन दिवसांची बिलं पुन्हा हाताने भरली.

मग करायचं काय?

पहिलं, टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवा. त्यात सिस्टिमची वेळ आणि आरटीसीची वेळ दोन्ही दिसतात. बहुतेक जण वरची ओळ बघून खूश होतात. खालची आरटीसीची ओळसुद्धा वाचा.

दुसरं, क्रोनी वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'आरटीसीसिंक' ही ओळ आहे का ते बघा. ती असली आणि एनटीपी जुळलेलं असलं, की कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ आरटीसीवर लिहितो. हाताने लिहायची तर एचडब्ल्यूक्लॉक कमांडला 'सिस्टोएचसी' हा पर्याय द्या. सिस्टिमकडून हार्डवेअर क्लॉककडे, असं लक्षात ठेवा. 'एचसीटोसिस' बरोबर उलटा. तो दिलात तर चुकीची वेळ बरोबर वेळेवर जाऊन बसेल.

तिसरं, आरटीसी यूटीसीमध्येच ठेवा. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलंय आणि वेळ साडेपाच तासांनी उडते, असं कोणाकोणाचं होतं? विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी धरतं. साडेपाच तास तिथून येतात.

चौथं, सेल. मशीन जुनं असेल, तर ठरवून घेतलेल्या शटडाउनमध्ये तो बदलून टाका. घरी रास्पबेरी पायवर प्रयोग करणाऱ्यांनो, पाय ४ पर्यंत बोर्डवर आरटीसीच नाही. पाय ५ वर आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

हा फक्त शिस्तीचा मामला नाही बरं का. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत, आपल्या सिस्टिम्सची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवायला सांगितलंय. कारण साधं आहे. हल्ला झाला, तर आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे लॉगवरूनच कळणार. घड्याळच खोटं, तर साक्ष कोणाची काढणार?

तर मंडळी, एनटीपी तुम्हाला रोज सांभाळतं. आरटीसी कामाला येतं ते वीज गेल्यावर, नेट नसताना. म्हणून सगळं सुरळीत असतानाच त्याच्याकडे एकदा बघून घ्या. दोन ओळींचं काम आहे, आज ऑफिसात गेल्यावर कराच. भेटू पुढच्या भागात!