डिंडोलीच्या वर्गातील नवा फळा

सुरतेकडून जळगावच्या दिशेने निघालेली गाडी उधना सोडते, तेव्हा जी दाट वस्ती सुरू होते, तिच्यातच डिंडोली येते. एके काळचे हे लहानसे गाव आता सुरत महानगरात विरघळून गेले आहे. याच लोहमार्गावर पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही स्थानके लागतात. आणि याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली. बाप लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करतो, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावते, आणि मूल शाळेत जाते. हे मूल घरी अहिराणी बोलते, रस्त्यावर गुजराती ऐकते, चित्रपट हिंदीत पाहते, आणि मराठी शाळेत गेले, तर पुस्तकातील मराठी त्याला तेथे प्रथमच भेटते. आधुनिक शिक्षणपद्धती आणि वर्गात आलेली नवी साधने यांविषयी जे काही बोलावयाचे, ते अशा मुलाकडे पाहून बोलणेच योग्य होय.

सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालविल्या आहेत. मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकविण्याचा एवढा व्याप फार थोड्या नगरांनी अंगावर घेतला असेल. त्यात 2017 मध्ये गुजरात सरकारने ‘ज्ञानकुंज’ ही योजना आणली. सातवी-आठवीच्या वर्गांत प्रक्षेपक, संगणक आणि स्पर्शाने चालणारा फळा देण्याचा तो उपक्रम होता. त्याच वर्षी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची ती क्यूआर खूण दिसू लागली. फोन त्या चौकटीसमोर धरावा, आणि धड्याशी निगडित चित्रफीत उघडावी, अशी ही सोय.

सोय उत्तमच, पण ती कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. डिंडोलीतील मराठी माध्यमाचा विद्यार्थी महाराष्ट्राची ‘बालभारती’ची पुस्तके वापरीत नाही. गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठीत काढलेली पुस्तके त्याच्या हाती असतात. पुण्यात तयार झालेला सुरेख मराठी पाठ त्याच्या धड्याशी जुळतोच असे नाही, आणि अहमदाबाद-गांधीनगरकडून येणारा पाठ बहुधा गुजरातीत असतो. दोन्ही राज्यांच्या साधनसंपत्तीच्या मधल्या खिंडीत हे मूल उभे आहे. 2020 मध्ये महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा ही खिंड उघडी पडली. गुजरातेत ‘गिरनार’ वाहिनीवरून पाठ प्रक्षेपित झाले; महाराष्ट्रात ‘सह्याद्री’वरून त्या वर्षीच्या जुलैत ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. खानदेशातील गावी परतलेल्या मुलाला दुसरी उपयोगी पडली, पण शाळेचा पट मात्र सुरतेत होता!

फोनचीही गोष्ट तशीच. घरात एकच फोन, आणि तो बापाच्या खिशात कारखान्यात गेलेला. तो रात्री परत येतो तेव्हा मूल झोपलेले असते. घरोघरी साधन पोहोचले असे म्हणताना, ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी मुलाच्या हाती असते हे कोणी विचारीत नाही. ‘असर’ या पाहणीने 2024 मध्ये ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा शेकडा 82 हून अधिक मुलांना स्मार्ट फोन वापरता येत होता. परंतु त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी शेकडा 57, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी शेकडा 76 निघाली. हे आकडे खेड्यांचे आहेत. शहराच्या मजूरवस्तीत चित्र फार निराळे असेल असे मानण्यास कारण दिसत नाही.

आता यातून मार्ग कसा निघतो, याचे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. माढा तालुक्यातील या लहानशा वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये शिक्षक म्हणून आले. पुस्तकांत क्यूआर खुणा घालण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याने उचलला, आणि 2020 च्या डिसेंबरात त्यांना दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. वृत्तपत्रांनी पारितोषिकाची रक्कम मोठ्या अक्षरांत छापली. पण त्या प्रयोगाचे मर्म अन्यत्र होते. परितेवाडीतील मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. शिक्षकाने आधी मुलांची भाषा शिकून घेतली, पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना उमजतील अशी नव्याने बेतली, आणि मग त्यांत ध्वनिफिती व चित्रफिती जोडल्या. अर्थात भाषा अगोदर आणि यंत्र मागाहून. हा क्रम उलटा झाला असता, तर त्या काळ्या-पांढऱ्या चौकटी पानावरच्या नक्षीइतक्याच उपयोगी ठरल्या असत्या.

डिंडोलीला हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. पहिलीतील मूल ‘मला येते’ असे न म्हणता ‘माले येस’ म्हणते. ‘येथे’साठी ‘आठे’, ‘तेथे’साठी ‘तठे’. मुलगा म्हणजे ‘आंडोर’ आणि मुलगी म्हणजे ‘आंडेर’. हे अशुद्ध मराठी नव्हे. ती स्वतःचे व्याकरण असलेली बोली आहे. भारतीय भाषांना संगणकावर बोलते करणारा ‘भाषिणी’ हा उपक्रम 2022 च्या जुलैत गांधीनगर येथेच जाहीर झाला. तो आठव्या परिशिष्टातील भाषांभोवती उभा आहे, आणि त्या परिशिष्टात अहिराणी नाही. यंत्र ऐकते ते प्रमाण मराठी. तेव्हा या दोहोंमधला दुवा सध्या तरी शिक्षकच आहे. आणि वर्गात अंधार करून, चित्रफीत लावून, जो शिक्षक खुर्चीवर स्वस्थ बसतो, तो हा दुवा आपल्या हातांनी तोडतो. असे वर्ग आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुजरात आणि महाराष्ट्र यांचा शिक्षणातील संबंध जुना आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर उघडले. त्यांच्याबरोबर काम करण्यास ताराबाई मोडक भावनगरास गेल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी गुजरातच्या सीमेजवळ, बोर्डी येथे, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. शिंपले, बिया, खडे, पाने ही तेथली गणिताची साधने होती. आजच्या ‘कृतियुक्त’, ‘बालकेंद्री’ इत्यादी शब्दांचा गाजावाजा ऐकताना याची आठवण ठेवलेली बरी. मूल जेथे आहे तेथे शाळा जावी ही कल्पना फोनच्या किती तरी आधी या किनाऱ्यावर रुजली होती.

लिपीचा प्रश्न मात्र नवा वाटतो. तोही पुरता नवा नाही. मुले संदेश लिहितात ते मराठीत, पण रोमन अक्षरांत, कारण फोनवरील देवनागरी कळफलक त्यांना कोणी शिकविलेलाच नसतो. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले तेही रोमन लिपीतच. मराठी अक्षरांचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. त्या थोर जेझुइटाने ओवी मराठी रचली आणि छापखान्यापुढे त्याचा इलाज चालला नाही. आजच्या मुलापुढे तशी अडचण कोणतीच नाही. खिळे त्याच्या खिशात आहेत. आठवडाभर रोज दहा मिनिटे दिली, तर देवनागरीत लिहिणे चौथीच्या मुलासही साधेल. एवढी साधी गोष्ट वेळापत्रकात बसविण्यास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

पडद्याविषयी जगातही फेरविचार चालू आहे. युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालाने हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वर्गात येते, हाच प्रश्न मुख्य धरला; त्याच वर्षी स्वीडनने छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा खर्च करण्याचे ठरविले. तथापि स्वीडनचे मूल पुस्तकांच्या राशीत वाढते. डिंडोलीच्या एका खोलीच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे मराठी पुस्तक सापडणे कठीण; तेथे फोनवर उघडणारी चित्रमय गोष्ट ही चैन नसून वाचनाची पहिली संधी असू शकते. म्हणून तिकडचा निर्णय इकडे उतरवून घेण्याची घाई नको.

करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे स्वस्त आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. डिंडोलीच्या वर्गात तेच काम आवाजाने होऊ शकेल. सुट्टीत गावी गेलेली मुले आजीच्या तोंडची जात्यावरची गाणी, पेरणीचे शब्द, सणांच्या गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणतील. शनिवारी त्या नव्या फळ्यावर लावल्या जातील. ऐकलेले शब्द मुले वहीत दोन रकान्यांत लिहितील, एकीकडे अहिराणी, दुसरीकडे पुस्तकी मराठी. तिसरा रकाना गुजरातीचा ठेवला, तर शेजारच्या वर्गातील मुलेही येऊन बसतील. आणि दिवाळीनंतर पंधरा दिवस उशिरा परतणारा तो विद्यार्थी, ज्याच्या नावापुढे हजेरीपटात नेहमी गैरहजेरीच्या खुणा पडतात, तो या वेळी वर्गासाठी काही तरी घेऊन आलेला असेल.